पितळात शिसं किती? युरोपच्या गिऱ्हाइकाची एक्सेल शीट आणि आमचा एका ओळीचा कागद

ट्रॉबवाला

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे भटकंतीच्या धाग्यांवर फिरत असतो, कामधंद्याचं कधी लिहीत नाही. पण या वेळी पुरता अडकलोय, म्हणून तंत्रज्ञान विभागात धागा काढला.

भोसरीला आमचं टर्निंगचं छोटं युनिट आहे. दोन जुने ट्रॉब (ऑटोमॅटिक लेथ), चार सीएनसी, मागच्या शेडमध्ये असेंब्ली. एका जर्मन गिऱ्हाइकाला प्रेशर स्विचची सब-असेंब्ली देतो. त्यात पितळी बॉडी आमची, झिंक प्लेटिंगचा स्टील नट बाहेरून, वायरवरची पीव्हीसी स्लीव्ह बाहेरून आणि वरचं सिलिकॉनचं बूटही बाहेरून. २०१९ साली त्यांनी पहिल्यांदा युरोपच्या घातक रसायनांवरच्या 'रीच' आणि 'रोह्स' कायद्यांचं डिक्लरेशन मागितलं. तेव्हा ओळखीतल्या एका सल्लागाराने वर्डची फाइल पाठवली. ती लेटरहेडवर छापली, शिक्का मारला, सही ठोकली. मजकूर एका ओळीचा: आमच्या मालात कोणताही घातक पदार्थ नाही. त्यानंतर दर जानेवारीत तारीख बदलून तोच कागद जात राहिला. कुणी काही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मेल आली. त्यांनी आमची बॉडी त्यांच्याकडे तपासली आणि शिसं निघालं ३ टक्क्यांच्या आसपास. मेलला आमचाच कागद जोडलेला, त्या ओळीखाली लाल रेघ. सोबत एक एक्सेल शीट. अडीचशेच्या आसपास ओळी, प्रत्येक ओळीत एक रसायन आणि त्याचा कॅस नंबर, म्हणजे ओळख क्रमांक. समोर आमच्या प्रत्येक पार्टचा रकाना: आहे की नाही, असल्यास किती टक्के, आणि हे तुम्हाला कशावरून माहीत?

आता गंमत ऐका. शिसं असणारच! ड्रॉइंगवर मटेरियल त्यांनीच लिहिलंय, सीडब्ल्यू ६१४ एन. त्या ग्रेडमध्ये शिसं अडीच ते साडेतीन टक्के असलंच पाहिजे, नसेल तर माल रिजेक्ट. म्हणजे ड्रॉइंग बरोबर, माल बरोबर, खोटा फक्त कागद. आणि त्याच्यावर सही माझी.

तीन आठवड्यांची मुदत आहे. ही शीट भरायची कशी? अडीचशे रसायनांसाठी लॅबला माल पाठवला तर धंदाच विकावा लागेल. कुणी यातून गेलंय का?

मधली_आळी

वाचतोय. पितळेत शिसं असतं हे आजच कळलं. आमच्या देवघरातल्या समयांचं काय हो?

निवृत्त_फोरमन

मधली_आळी, समई कुणी चाटत नाही, निर्धास्त राहा. घरोघरी पितळेच्या पातेल्याला कल्हई असायची ती ताक-आमटी कळकू नये म्हणून, तो मामला तांब्याचा. हा वेगळा.

मशीनवर चालणाऱ्या पितळेत शिसं मुद्दाम घालतात. शिसं पितळात विरघळत नाही, बारीक थेंबांसारखं आत विखरून राहतं. टूल लागलं की चिप नेमकी त्या थेंबाशी तुटते आणि टूलला थोडं वंगणही मिळतं. ट्रॉबवर पितळ चालवताना वाळू पडल्यासारखा चुरा पडतो ना, ती सगळी शिशाची कृपा. शिसं काढलं की चिप स्प्रिंगसारखी गुंडाळत येते आणि रॉड धरणाऱ्या कॉलेटपाशी घरटं करून बसते. ईएन१ए लेडेड स्टीलची गोष्ट तीच. आम्ही तीस वर्षं चालवलं, हातही नीट न धुता डबे खाल्ले. आता वाटतं, धुवायला हवे होते.

नेकारकाठचा

ट्रॉबवाला, मी श्टुटगार्टजवळ एका कंपनीत याच टेबलाच्या पलीकडे बसतो. अशी शीट मी स्वतः पाठवतो, त्यामुळे शिव्या आधीच स्वीकारतो.

आधी एक गाठ सोडवू. 'रोह्स' आणि 'रीच' हे दोन वेगळे कायदे आहेत आणि तुमच्या त्या एका ओळीने दोघांची खिचडी केली.

रोह्स फक्त विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. तो म्हणतो, अमुक दहा गोष्टी मर्यादेबाहेर नकोत: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, ब्रोमीनवाली दोन अग्निरोधक कुळं आणि २०१९च्या जुलैपासून चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं). मर्यादा ०.१ टक्का, कॅडमियमला ०.०१. मोजायचं एकजिनसी मटेरियलवर, म्हणजे नटाचं स्टील वेगळं आणि त्यावरचा प्लेटिंगचा थर वेगळा. पण यात सवलती आहेत. तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिसं चालतं, सवलत क्रमांक ६सी. मशीनिंगच्या स्टीलमध्ये ०.३५ टक्के, ती ६ए. तुमची बॉडी रोह्समध्ये बसते, पण ६सीच्या आधाराने. तसं लिहावं लागतं. आणि सवलती मुदतीच्या असतात, उद्योगाने पुन्हा पुन्हा अर्ज करायचा आणि ब्रसेल्सने पुन्हा पुन्हा डोळे वटारायचे, असं चालतं.

रीचमधली एसव्हीएचसी, म्हणजे अतिचिंताजनक पदार्थांची, यादी वेगळी. ती हेलसिंकीची युरोपियन केमिकल्स एजन्सी ठेवते. २००८ साली १५ पदार्थांनी सुरू झाली, साधारण दर सहा महिन्यांनी वाढते. तुमची अडीचशे ओळींची शीट म्हणजे तीच. नाव यादीत आलं म्हणजे बंदी आली असं नाही. वस्तूत तो पदार्थ ०.१ टक्क्याच्या वर असेल तर पुढच्याला सांगा, एवढंच. साध्या ग्राहकाने विचारलं तरी ४५ दिवसांत फुकट उत्तर द्यावं लागतं. शिसं या यादीत आलं २०१८च्या जूनमध्ये. तुमचा पहिला कागद २०१९चा. म्हणजे सही केली त्या दिवशीही तो चुकीचाच होता.

इथे सवलत-बिवलत काही नाही. रोह्समध्ये ६सीने सुटलेलं शिसं रीचमध्ये जाहीर करावंच लागतं. 'आम्ही रोह्स कंप्लायंट आहोत, मग हे कशाला' असं उत्तर माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा कागदांवर असतं.

आता टक्के कशाचे काढायचे? पूर्वी बरेच जण अख्ख्या मशीनच्या वजनाने भागायचे. समजा दोन किलोचा ब्रॅकेट आहे आणि त्यात ४० ग्रॅमची पितळी बुश. शिसं १.२ ग्रॅम. दोन किलोने भागलं तर ०.०६ टक्के, सुटलात. पण २०१५च्या सप्टेंबरात लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की एकदा वस्तू झाली की ती वस्तूच राहते, मोठ्या मशीनच्या पोटात गेली तरी. म्हणजे भागायचं बुशच्या ४० ग्रॅमने. ३ टक्के. अडकलात. शीटमध्ये प्रत्येक पार्टला वेगळा रकाना आहे तो यामुळे.

शिवाय २०२१च्या ५ जानेवारीपासून अशा वस्तूंची नोंद 'स्किप' नावाच्या डेटाबेसमध्ये करावी लागते, पुढे भंगारवाल्याला कळावं म्हणून. ती आम्ही करतो, तुम्ही नाही. कायद्याने तुम्ही भारतात बसून रीचला बांधील नाहीच. बांधील युरोपातला आयातदार. तो आपलं ओझं खरेदीच्या करारातून तुमच्या गळ्यात घालतो. करारावर सही करताना ते कलम कुणी वाचत नाही हेही मला माहीत आहे.

सडेतोड

म्हणजे सगळा खेळ आमच्या छोट्या कारखानदाराला दमवायचा. ड्रॉइंगवर शिसंवालं पितळ लिहायचं यांनी, आणि जाहीर करायचं आम्ही. आयातीवर कर लावता येत नाही म्हणून ही कागदांची भिंत. इथे वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं ते बरं होतं.

नेकारकाठचा

भिंत आहे, मान्य. पण ती भिंत त्यांनी एकमेकांसाठीही बांधली. २००१च्या डिसेंबरात नेदरलँड्सने सोनीचे १३ लाख प्लेस्टेशन अडवून ठेवले होते, ऐन नाताळात. वायरींमध्ये कॅडमियम निघालं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही आपल्या वायरीत काय आहे ते ठाऊक नव्हतं, कारण वायर तिसऱ्याच कुणाची. तेव्हापासून सोनी पुरवठादारांच्या मागे हात धुऊन लागली.

एक्सेलग्रस्त

सडेतोड, 'इथे कुणी विचारत नव्हतं' हेही आता खरं नाही. आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांत, थॅलेट सोडून, त्याच सहा पदार्थांच्या त्याच मर्यादा २०१४च्या मे महिन्यापासून आहेत. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर चालत नाही, नोव्हेंबर २०१७पासून. विचारणारा माणूस दारात येतो की नाही, तो भाग वेगळा.

आता ट्रॉबवालादादांसाठी कामाचं. मी हिंजवडीत गेली अकरा वर्षं हेच करते, वाहन उद्योगासाठी. आमच्याकडे याचं नाव आयएमडीएस, मटेरियल नोंदवायची ऑनलाइन प्रणाली. प्रत्येक पार्टचं झाड मांडायचं: पार्ट, त्याचं मटेरियल, मटेरियलमधले मूळ पदार्थ. बेरीज शंभर टक्के भरली पाहिजे आणि वजन ड्रॉइंगशी जुळलं पाहिजे. ते मंजूर झाल्याशिवाय पीपीएपी, म्हणजे गिऱ्हाइकाकडून पार्टची मंजुरी, पुढे सरकत नाही, त्यामुळे चाकणमधला प्रत्येक क्वालिटीवाला महिन्यातून एकदा माझ्या नावाने बोटं मोडतो. नाकारण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण? प्लेटिंगचा थरच दाखवलेला नसतो. नट नुसता स्टीलचा. जणू झिंक आकाशातून पडलं.

तुमच्या शीटमागे खरा प्रश्न हा आहे: 'अमुक पदार्थ आहे का?' असं विचारत बसायचं, की 'काय काय आहे?' ते एकदाच लिहून ठेवायचं? पहिल्या वाटेने गेलात तर दर सहा महिन्यांनी यादी वाढली की सगळ्या वेंडरांना पुन्हा फोन, पुन्हा मेल, पुन्हा तीच 'नाही आहे साहेब' उत्तरं. दुसऱ्या वाटेने पूर्ण घटक हातात असतील तर यादी वाढल्यावर फक्त आपल्याच फाइलमध्ये शोध मारायचा.

अमेरिकेचं उदाहरण सांगते. २०२१च्या जानेवारीत तिथल्या पर्यावरण संस्थेने पीआयपी ३:१ नावाच्या पदार्थावर बंदी काढली, लागू ८ मार्चपासून. दोन महिने! हा पदार्थ वायरच्या आवरणात, प्लास्टिकच्या भागांत मऊपणा आणणारा आणि आगीला रोखणारा म्हणून पडतो. उद्योगातल्या नेहमीच्या याद्यांत तो फारसा नव्हता, त्यामुळे कुणी कुणाला विचारलाच नव्हता. उद्योगाची अशी धावपळ उडाली की शेवटी मुदत कित्येकदा पुढे ढकलावी लागली. आमच्याकडे त्या दिवसांत जेवायला उठायची चोरी होती. ज्यांच्याकडे पूर्ण घटकांची नोंद होती ते दोन-चार जण मात्र दुपारी शांतपणे चहा पीत होते.

ट्रॉबवाला

ताई, पटलं. पण रबरवाला, प्लास्टिकवाला रेसिपी सांगेल का? पितळवाला सांगेल एक वेळ, टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) असते त्याच्याकडे.

एक्सेलग्रस्त

रेसिपी मागू नका. 'यादीतलं जे असेल ते नावानिशी दे, बाकीचं दहा टक्क्यांपर्यंत झाकून ठेव' असं म्हणा. आयएमडीएसमध्ये ही सोय आहेच. आणि तुमच्या पीव्हीसी स्लीव्हवाल्याला रेसिपीपेक्षा दुसराच प्रश्न विचारा: रिग्राइंड, म्हणजे दळलेलं जुनं प्लास्टिक, घालतोस का? कंपाउंड नवीन घेतलं की हल्ली थॅलेटशिवाय मिळतं, पण गोणीत जुना चुरा पडला की डीईएचपी हा थॅलेट परत आलाच. वेंडर खोटं बोलत नसतो, त्याला त्या चुऱ्यात काय आहे ते खरंच माहीत नसतं. काळ्या प्लास्टिकचं तर बोलायलाच नको. जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या खोक्यांतलं ब्रोमीन कुठे कुठे फिरतं!

सातपूरकर

प्लेटिंगचा विषय निघालाच आहे तर. नाशिकला आमचं झिंक प्लेटिंग आहे, वडिलांपासून.

हेक्झा म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं ते जुनं पिवळं पासिव्हेशन, झिंकवरचा संरक्षक थर. इंद्रधनुष्यासारखी झाक यायची, गिऱ्हाईक खूश, मिठाच्या फवाऱ्यात टिकायचं पण चांगलं. आणि स्वतःला बरं करायचं. ओरखडा पडला तरी थरातलं क्रोमियम सरकून तिथे झाकण धरायचं. वाईट गोष्टीला गुण असतात ते असे. आता एक्सपोर्टचा सगळा माल ट्रायव्हॅलंटवर, म्हणजे बंदी नसलेल्या क्रोमियमवर. ट्रायची झाक निळसर, फिकी. पण बऱ्याच गिऱ्हाइकांना पिवळाच हवा असतो, मग त्यात पिवळा रंग घालून देतात. त्यामुळे रंग बघून हेक्झा की ट्राय ओळखायचा धंदा करू नका. पिवळा असूनही ट्राय असू शकतो.

ट्रॉबवालाशेठ, तुमच्या प्लेटिंगवाल्याकडे स्वतः जा आणि एकच बघा: त्याच्याकडे दोन्ही लाइन आहेत का? असतील तर बॅरल वेगळे आहेत का, धुण्याच्या टाक्या वेगळ्या आहेत का? आमच्याकडे एकदा ट्रायच्या मालात हेक्झा निघाला. केमिकल ट्रायचं, बिल ट्रायचं, सगळं ट्रायचं. बॅरल मात्र सकाळी हेक्झाच्या लाइनवर फिरून आलेला. गिऱ्हाईक ऐकेना, सहा पेट्या परत आल्या. त्या दिवसापासून हेक्झाच्या बॅरलला लाल पट्टा मारलाय. ज्याने लाल बॅरल इकडे आणला त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा.

पिपेट

वडापावाचा नियम आयएसओमध्ये घालायला हवा.

लॅबच्या बाजूने थोडं. हातात धरायची एक्सआरएफ बंदूक हल्ली पुष्कळ ठिकाणी मिळते, भाड्यानेही. पार्टवर टेकवा, अर्ध्या-एक मिनिटात मूलद्रव्यं सांगते. शिसं, कॅडमियम, पारा यांच्यासाठी छान. पण ती मूलद्रव्य सांगते, संयुग नाही. क्रोमियम आहे म्हणाली तर तो हेक्झा की ट्राय ते तिला कळत नाही. ब्रोमीन आहे म्हणाली तर ते बंदीतलं की परवानगीतलं ते कळत नाही. आणि थॅलेट तिला दिसतच नाहीत. ते कार्बन-हायड्रोजनचे, त्यांना जीसी-एमएस नावाचं लॅबमधलं यंत्र लागतं. 'एक्सआरएफ रिपोर्ट आहे, थॅलेट पास' असा कागद मी डोळ्यांनी पाहिलाय. जसं काही वजनकाट्यावर ताप मोजला.

हेक्झासाठी साधी चाचणी आहे, डायफिनाइलकार्बाझाइडची. थेंब टाकला आणि जांभळट-गुलाबी झाला की हेक्झा आहे. पण हा निकाल हवामान आणि दिवसांनुसार बदलतो. आज नाही निघाला तो दोन महिने दमट गोदामात पडल्यावर निघू शकतो, उलटही होतं. म्हणून रिपोर्टवर प्लेटिंगची तारीख आणि चाचणीची तारीख, दोन्ही लिहून घ्या.

अडीचशे रसायनं तपासायची भानगड करू नका. यादीतली निम्मी नावं तुमच्या धातूत असूच शकत नाहीत. कुठलं मटेरियल, त्यात कशाचा संशय, तेवढंच तपासा. पितळात शिसं आणि कॅडमियम. भंगारातून ओतलेल्या पितळात कॅडमियम येतं, झिंकचा सोबती आहे तो. प्लेटिंगला हेक्झा. पीव्हीसीला थॅलेट, शिसं आणि कॅडमियम. सिलिकॉनला मात्र एक वेगळीच गोष्ट आहे, ती उद्या लिहितो, आज क्लासला जायचंय.

मधली_आळी

क्लिफहँगर! पिपेटसर, असं नका करू.

निवृत्त_फोरमन

बिनशिशाचं पितळ नावाचा प्रकारही आहे हल्ली. तेच का वापरत नाही? मग कटकटच नको.

नेकारकाठचा

काका, त्यातही मेख आहे. 'लेड-फ्री' शब्दाचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा. अमेरिकेत नळाच्या सामानाला २०१४पासून पाण्याला लागणाऱ्या भागात सरासरी ०.२५ टक्के शिसं असलं तरी कायद्याने ते लेड-फ्री. सीडब्ल्यू ५१० एल नावाचं कमी शिशाचं पितळ ०.२ टक्क्यांपर्यंत नेतं. दोन्ही रीचच्या ०.१च्या वर, म्हणजे जाहीर करावंच लागणार. सिलिकॉन घातलेलं पितळ, सीडब्ल्यू ७२४ आर, हे जास्तीत जास्त ०.१वर थांबतं. पण ते महाग आणि टूल खातं. ड्रॉइंग बदलायचा अधिकारही तुमचा नाही, आमचा. विचारून बघा मात्र. आमच्यासारख्यांच्या टेबलावर तो प्रश्न पुरवठादाराकडून आला की विषय पुढे सरकतो, आम्ही आपणहून कधीच सरकवत नाही.

आणि एक राहिलं. युरोपच्या रोह्सचं 'सर्टिफिकेट' देणारी कुठलीही सरकारी कचेरी नाही. उत्पादक स्वतः जाहीर करतो आणि पुराव्याची फाइल दहा वर्षं सांभाळतो, बस. त्यामुळे होलोग्राम लावून 'रोह्स सर्टिफाइड' विकणारा कुणी भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

ट्रॉबवाला

मंडळी, दहा दिवसांनी येतोय. मधे बरंच घडलं.

आधी पितळ. आमचा रॉड जामनगरहून येतो, पुण्यातल्या डीलरमार्फत. टीसीची फाइल काढली. तांबं आहे, झिंक आहे, लोखंड आहे. शिशाच्या रकान्यात 'ग्रेडनुसार' असं छापलेलं. कॅडमियमचा रकानाच नाही. डीलरला विचारलं, तो म्हणाला, "तुम्ही कधी मागितलंच नव्हतं." खरं आहे, मी नव्हतं मागितलं. जामनगरला फोन लावून दिला त्याने. तिथला माणूस भला निघाला. म्हणाला, स्पेक्ट्रोवर सगळं येतं, आम्ही छापत नाही एवढंच, पुढच्या हीटपासून (वितळवलेल्या घाण्यापासून) छापतो. फुकट! सहा वर्षं ज्या माहितीच्या नावाने मी थापा मारत होतो ती त्याच्या मशीनच्या पडद्यावर रोज दिसत होती.

मग दुसरा घोळ आमच्याच घरातला. रॉडला हीट नंबरचं लेबल असतं. ऑपरेटर रॉड कापतो, उरलेले तुकडे एकाच रॅकमध्ये. कोणता तुकडा कुठल्या हीटचा, देव जाणे. म्हणजे टीसी कितीही सुंदर आली तरी ती कुठल्या बॉडीची हे सांगता येणार नाही. आता टोकाला रंग लावतोय, हीटप्रमाणे. सातपूरकरांच्या लाल पट्ट्यावरून सुचलं.

हिशोबही केला. बॉडी १४ ग्रॅमची, वर्षाला ८० हजार नग. पितळ ११२० किलो, त्यात शिसं ३ टक्क्यांनी साधारण ३३ किलो. एवढं शिसं मी दर वर्षी 'नाही' म्हणून जहाजात चढवत होतो. पोतंभर. आकडा कागदावर आल्यावर जरा गप्पच झालो.

प्लेटिंगवाल्याकडे गेलो. दोन्ही लाइन आहेत, टाक्या वेगळ्या, बॅरल एकच. सांगितलं, त्याला राग आला, मग चहा आला. वेगळा बॅरल घेतोय.

स्लीव्हवाल्याने रिग्राइंडचं ऐकून फोनच ठेवला. ताई, तुमचा तीर बरोबर लागला म्हणायचा. दुसरा वेंडर शोधलाय, नवीन कंपाउंडची घटकांची शीट त्याने त्याच दिवशी पाठवली.

जर्मन गिऱ्हाइकाला मेल लिहिली. मुलीने इंग्रजी नीट करून दिलं, पण मजकूर माझा. आधीचे सहा कागद चुकीचे होते, मागे घेतो. बॉडीत शिसं, कॅस ७४३९-९२-१, अडीच ते साडेतीन टक्के, रोह्स सवलत ६सी, आधार अमुक हीटची टीसी. वाटलं, आता ऑर्डर गेली. दोन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: धन्यवाद, बॉडीचा रकाना मंजूर. नट आणि स्लीव्हचे रिपोर्ट आले की पाठवा. सिलिकॉनचा रकाना रिकामा दिसतोय.

रिकामाच आहे. वेंडर म्हणतो, "फूड ग्रेड आहे साहेब, लहान मुलांच्या बाटलीला लावतात, काळजी नको." पिपेटसर, तुमचा 'उद्या' कधी उजाडणार?

सडेतोड

मुलांच्या बाटलीचं ऐकून मलाही उत्सुकता आहे. भिंतीबद्दलचं मत बदललेलं नाही, पण ३३ किलोचं वाचून घरातल्या खेळण्यांचे डबे काढून बसलोय.

पिपेट

माफी, परीक्षा होत्या.

सिलिकॉन रबर बनतं तेव्हा आत थोडे छोटे वर्तुळाकार रेणू शिल्लक राहतात. त्यांना डी४, डी५, डी६ म्हणतात. हे तिन्ही शिशाबरोबरच, त्याच दिवशी, २०१८च्या जूनमध्ये यादीत आले. कुणी घालत नाही, उरतात. म्हणून वेंडरला 'घातलंय का' विचारलं तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. ते पर्यावरणात टिकून राहतात आणि जीवांच्या अंगात साचतात, म्हणून यादीत आहेत. फूड ग्रेड असणं हा वेगळ्याच कसोटीचा निकाल, त्यावरून इथलं उत्तर मिळत नाही.

उपाय मात्र सोपा आहे. मोल्डिंग झाल्यावर भाग ओव्हनमध्ये साधारण २०० अंशांवर चार तास ठेवायचा, हवा खेळती हवी. हे रेणू उडून जातात, बरेच कमी होतात. याला पोस्ट-क्युअर म्हणतात. वेंडरला विचारा, पोस्ट-क्युअर करतोस का, किती तास, आणि त्यानंतरचा एक डी४-डी५-डी६ रिपोर्ट काढून घ्या. वर्षाला एक पुरे.

ट्रॉबवाला

आत्ताच फोन केला. म्हणाला, करतो की पोस्ट-क्युअर, ओव्हन आहे आमच्याकडे. किती तास? तर म्हणे, "लाइट असेल तसं." लॉगबुक आहे का विचारलं, तर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "ते लिहायचं असतं का?"

शनिवारी गाडी काढून त्याच्याकडे जातोय. जुन्या स्टोअरमधलं एक कोरं रजिस्टर बरोबर घेतलंय. काय होतं ते येऊन लिहितो.

मधली_आळी

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).